खालचा सा

बुधवारी सात ते साडेआठ
उथळसरच्या शाळेतला चित्रकलेचा वर्ग आमचा.
भिंतीवर मुलांची फळं, रेषेबाहेर सांडलेली,
छोट्या बाकांवर गुडघे दुमडून आम्ही अकरा जण,
आवाज चार.

मी सांगितलं : अडीच हजार वर्षांपूर्वी
ग्रीसमध्ये काही माणसं जेवणानंतर लवंडली
आणि प्रेम म्हणजे काय, ते पाळीपाळीने बोलली.
एक म्हणाला, माणूस आधी गोल होता,
चार हात, चार पाय, गडगडत जायचा.
देवांना धास्ती बसली. त्यांनी तो मधोमध कापला,
सुपारी अडकित्त्यात धरावी तसा.
तेव्हापासून प्रत्येक खांड
आपलं दुसरं खांड शोधत हिंडतंय.

त्यासाठी मी लिहिलं होतं :
सगळे एका सुरावर उभे,
मग सोप्रानो अर्ध्या स्वराने वर सरकतात
आणि मधल्या फटीत हवा थरथरते,
होडी गेल्यावर खाडीचं पाणी थरथरतं तशी.
शेवटच्या पानावर पुन्हा एकच सूर.
तो शेवट मला फार आवडायचा.
कापूरबावडीच्या सिग्नलला सुचलेला,
विजेच्या बिलामागे लिहून ठेवलेला.
बिलावर अजून दोघांची नावं येतात.

एस्तेरबाई पेणकर आल्टोत बसतात,
सिनेगॉगच्या मागे राहतात.
म्हणाल्या, "हे काय गं, अर्धं अर्धं?
आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली.
ते आख्खे होते. मीपण आख्खी.
म्हणून तर कपाटाच्या किल्ल्यांवरून
चाळीस वर्षं भांडलो.
शेवटी तू सगळ्यांना एका सुरात आणतेस ना,
तिथे मला त्यांचा आवाज लागत नाही."

कोणी काही बोललं नाही.
पंखा तेवढा कटकट करत राहिला.

मी घाईने पुढचा भाग काढला, शिडीचा.
त्याच रात्री कोणीतरी म्हणालं :
आधी जीव जडतो एका देहावर,
मग देखण्या सगळ्याच देहांवर,
मग मनांवर, कायद्यांवर, विद्येवर,
आणि टोकाला नुसतं सौंदर्य,
ज्याला चेहरा नाही.
सोप्रानो तिथवर चढतात.
सिंथियाचा श्वास दर वेळी एक पायरी आधी तुटतो.

"आणि तो खालचा, पहिला?"
बेसमधून हरेश्वर नाखवांनी विचारलं.
"कोण पहिला?"
"ज्याच्यापासून चढायला लागले तो.
त्याचं पुढे काय होतं?"

मला उत्तर आलं नाही. वाचलेल्यात कुठे नव्हतं.

नाखवा महापालिकेत होते, रस्त्यावरच्या दिव्यांवर.
"चौदा वर्षं मी शिडी धरली," म्हणाले,
"चढायचा तो दिगंबर.
उजेडसुद्धा पहिला त्याच्याच तोंडावर पडायचा.
पण खाली पाय रोवून कोणीतरी लागतं, बाई.
मान मोडेस्तोवर वर बघायचं
आणि तो उतरेपर्यंत हात काढायचा नाही."

म्हणून बेसला आता शब्दच नाहीत.
मंद्रातला सा, शिडी संपेपर्यंत.
श्वास आळीपाळीने, चोरून घ्यायचा,
सुराला भोक पडता कामा नये.

ग्रीकांकडे प्रेमाला म्हणे निरनिराळे शब्द.
माझ्याकडे एक जीव, त्यालाच राबवते.
सोप्रानोंचा जडतो, आल्टोंचा तुटतो,
टेनर एकच, रुझार, त्याची बारावी आहे,
त्याचा नुसता टांगणीला.

शेवटचं पान फाडलं नाही, खोडलं.
एकच सूर होता तिथे आता सा आणि रे,
लगटून बसलेले, एकमेकांना खुपणारे.
रे एस्तेरबाई धरतात
आणि धरताना कोणाकडेच बघत नाहीत.

परवा शिपाई दिवे घालवायला आला
तो दारातच थांबला.
"बाई, हे चुकतंय का?"
"नाही," म्हटलं, "असंच आहे."

त्याने एकेक करून बटणं पाडली,
नाखवांच्या डोक्यावरचं तेवढं ठेवलं.
सा अजून चालू होता.